बाळाचा डोळा गळतो तेव्हा: मसाज, प्रोबिंग आणि त्यापुढचं

बाळ दोन-तीन आठवड्यांचं होतं आणि एका डोळ्याच्या कडेशी पाणी साचलेलं दिसू लागतं. सकाळी पापण्या चिकटलेल्या असतात. पुसून काढल्या तरी तासाभरात पुन्हा पिवळसर चिपडं येतात. गंमत अशी की डोळ्याचा पांढरा भाग पांढराच असतो. बाळ उजेडाकडे टक लावून बघतं, दूध पितं, झोपतं. एवढ्या वर्णनावर निदान जवळजवळ ठरतं: अश्रुनलिकेचं नाकातलं तोंड उघडायचं राहिलं आहे. जन्मल्याबरोबर हे लक्षात येत नाही, कारण सुरुवातीला अश्रू कमीच तयार होतात. ते वाढले की निचरा होत नसल्याचं कळतं.

हे फार सर्रास आढळतं. स्कॉटलंडमध्ये ४,७९२ बाळांवर झालेला एक अभ्यास १९९१ साली प्रसिद्ध झाला. त्यात दर पाचांतल्या एका बाळाच्या डोळ्याला पहिल्या वर्षात पाणी येत होतं आणि त्यांतली ९६ टक्के बाळं वर्ष पुरं व्हायच्या आत आपोआप बरी झाली. शस्त्रक्रियेचा सगळा विचार उरलेल्या मूठभर मुलांसाठी आहे. चार महिन्यांच्या, बाकी ठणठणीत बाळाला कुणी पहिल्याच भेटीत ऑपरेशनची तारीख दिली, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत जरूर घ्यावं. तीन वर्षांचं मूल रोज डोळा पुसत फिरतंय आणि घरचे ‘मोठेपणी जाईल’ म्हणत बसलेत, हेही तितकंच चूक.

रचना थोडी समजून घेतली की पुढचं सगळं सोपं होतं. प्रत्येक पापणीच्या नाकाकडच्या टोकाला, अगदी कडेवर, एक बारीक भोक असतं. वरच्या पापणीला एक, खालच्या पापणीला एक. तिथून निघालेली नळी आधी सुमारे २ मिलिमीटर उभी जाते, मग काटकोनात वळून पापणीच्या कडेकडेने नाकाकडे आडवी जाते. बहुतेकांमध्ये वरची आणि खालची नळी एकत्र होऊन अश्रुपिशवीत शिरते. ही पिशवी डोळ्याचा आतला कोपरा आणि नाक यांच्यामधल्या हाडाच्या खाचेत बसलेली असते. पिशवीच्या तळातून मुख्य नलिका हाडाच्या बोगद्यातून खाली उतरते. नाकाच्या आत बाजूच्या भिंतीवर जे मांसल कंगोरे असतात त्यांना डॉक्टर टर्बिनेट म्हणतात. त्यांतल्या सगळ्यात खालच्या टर्बिनेटच्या आडोशाला ही नलिका उघडते. तिथे एक पातळ पडदा असतो, प्रागच्या योसेफ हास्नर यांच्या नावाने ओळखली जाणारी झडप. जन्माच्या सुमारास हा पडदा उघडायला हवा. तो उघडला नाही की पाणी पिशवीत तुंबतं, साचलेल्या पाण्यात जंतू वाढतात आणि पू उलटा डोळ्यात येतो. म्हणजे बिघाड नाकात असतो आणि दिसतो डोळ्यात. नुसत्या थेंबांनी हा त्रास कायमचा का जात नाही, याचं उत्तर इथेच आहे.

पाणी येणारा प्रत्येक डोळा या एकाच कारणाने गळत नाही. डोळ्यात पाणी, उजेडात डोळे गच्च मिटणं, बुबुळ मोठं किंवा धुरकट दिसणं, असं एकत्र असेल तर तो जन्मजात काचबिंदू असू शकतो. त्यात एक आठवडाही वाट बघायची नसते. खालची पापणी आत वळून पापणीचे केस बुबुळाला घासत असतील तरी पाणी येतं. डोळा लालबुंद आणि सुजलेला असेल, विशेषतः जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यात, तर तो संसर्ग आहे आणि त्याला त्याच दिवशी डॉक्टर हवा. क्वचित पापणीवरचं भोकच तयार झालेलं नसतं. अशा डोळ्यात पाणी येतं, पण पू येत नाही, कारण पिशवीत काही पोचतच नाही. पू येतो की नुसतं पाणी, हा प्रश्न आम्ही प्रत्येक आईला विचारतो तो यासाठी.

ओपीडीत एक सोपी तपासणी होते. दोन्ही डोळ्यांच्या खालच्या पापणीत फ्लुरोसिन नावाचा पिवळा रंग टाकतात आणि ५ मिनिटांनी निळ्या उजेडात बघतात. नलिका मोकळी असेल तर रंग जवळपास निघून गेलेला असतो. बंद असेल तर पापणीच्या कडेला हिरवीपिवळी झळाळती रेघ तशीच राहते, कधी गालावर ओघळते. सुई नाही, दुखणं नाही. फक्त मूल रडून रडून रंग धुऊन टाकणार नाही एवढं बघायचं. त्याच वेळी पिशवीवर बोटाने दाबून पू उलटा वर येतो का तेही पाहतात. आला, तर निदान पक्कं.

आता मसाज. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. ही पद्धत अमेरिकेतले डॉक्टर क्रिग्लर यांनी १९२३ साली मांडली. तिचा हेतू त्वचा चोळणं हा नाही. पिशवीतल्या पाण्यावर खालच्या दिशेने असा दाब द्यायचा की पडदा फुटावा. त्यासाठी पाण्याची वर पळायची वाट बंद झाली पाहिजे. हात साबणाने धुवा, नख पूर्ण कापा. बोटाचं टोक डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याला, नाकाच्या हाडालगत टेकवा. आधी आत, म्हणजे हाडाच्या दिशेने दाबा. याने वरची वाट बंद होते. दाब न सोडता बोट नाकाच्या कडेने साधारण सेंटिमीटरभर खाली न्या. मग उचला. असं १० वेळा, दिवसातून ४ वेळा, दूध पाजायच्या आधी. पू वर आला तर उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेल्या कापसाने पुसा. प्रत्येक डोळ्याला वेगळा बोळा घ्या.

चुकतं काय? बोट गोलगोल फिरवलं जातं. दाब इतका हलका असतो की त्वचा फक्त सरकते. बोट कोपऱ्याऐवजी डोळ्याखालच्या मऊ भागावर ठेवलं जातं. किंवा खालून वर चोळतात आणि पू परत डोळ्यात ढकलतात. बऱ्याच घरांत अंघोळ घालणाऱ्या बाईंवर हे काम सोपवलं जातं. त्यांचा हात सराईत असतो, बाळाला जोर किती सोसतो हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं. पण त्यांना जागा दाखवावी लागते, नाहीतर त्या नाक ‘सरळ’ करण्याच्या सवयीने नाकाच्या दांड्यावरूनच बोट फिरवतात. शक्य असेल तर त्यांनाही एकदा ओपीडीत घेऊन या. नाकात तेल सोडायची प्रथा मात्र थांबवा. त्याने नलिका उघडत नाही आणि तेल फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो.

काजळ नको. त्याची पूड भोकाशी साचते, घरच्या काजळात जंतू असतात आणि बाजारातल्या काही काजळांत शिसं असतं. आजीला वाईट वाटत असेल तर तीट कपाळाला किंवा तळपायाला लावा. आईचं दूध, मध, गुलाबपाणी यांतलं काहीही डोळ्यात घालू नका. अँटिबायोटिकचे थेंब पू दाट झाला किंवा डोळा लाल झाला तरच, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे आठवडाभर. महिनोन्महिने रोज थेंब घालत राहिलं की नलिका तशीच बंद राहते आणि जंतू मात्र औषधाला सरावतात. स्टेरॉइड असलेले थेंब दुकानातून स्वतः आणून घालणं तर धोक्याचंच, डोळ्यातला दाब वाढू शकतो.

वाट किती बघायची? अमेरिकेतल्या बालनेत्ररोग संशोधन गटाने ६ ते १० महिन्यांच्या, एकाच डोळ्याला त्रास असलेल्या बाळांचा अभ्यास करून २०१२ साली निष्कर्ष छापले. ज्यांना सहा महिने थांबवून फक्त मसाज आणि गरजेपुरते थेंब दिले, त्यांच्यातली ६६ टक्के बाळं शस्त्रक्रियेशिवाय बरी झाली. तिकडे काही डॉक्टर सहा-आठ महिन्यांच्या बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळून, फक्त बधिर करणारे थेंब टाकून दवाखान्यातच प्रोबिंग करतात, म्हणजे पापणीवरच्या भोकातून बारीक सळई घालून बंद नलिका उघडतात. भूल टळते, पण बाळ जागं असतं आणि नाकात दुर्बिणीने बघता येत नाही. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी वर्षभर थांबून, मग पूर्ण भूल देऊन करतात. दोन्ही पद्धतींना आधार आहे. आमचा कल वर्ष पुरं होऊ देण्याकडे आहे, कारण पहिलं प्रोबिंग हीच सगळ्यात चांगली संधी असते. ती घाईत, हलणाऱ्या डोक्यावर, अंदाजाने वापरावी असं वाटत नाही.

फार उशीरही नको. याच गटाच्या २००८ च्या आकडेवारीत ६ महिने ते ३ वर्षं या वयात प्रोबिंगचं यश ७८-७९ टक्क्यांच्या आसपास स्थिर होतं. तीन ते चार वर्षांच्या मुलांत ते ५६ टक्क्यांवर आलं. दोन्ही डोळे बंद असलेल्यांत यश एका डोळ्यापेक्षा कमी दिसलं. वय वाढलं म्हणून नलिका कडक होते असं नाही. साधा पडदा असलेली बाळं आधीच बरी होऊन जातात आणि मागे राहतात ती गुंतागुंतीची, हाडाचा अडथळा असलेली. तेव्हा तीन वर्षांनंतर आलेल्या मुलाला ‘आता उशीर झाला’ म्हणून परत पाठवायचं नसतं. फक्त तयारी मोठी करून, दुर्बीण आणि स्टेंट (नलिकेत काही काळ ठेवायची सिलिकॉनची नळी) हाताशी ठेवून टेबलावर घ्यायचं असतं.

थांबण्याच्या नियमाला दोन अपवाद आहेत. जन्मतः किंवा पहिल्या काही दिवसांत डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याखाली निळसर, टणक गाठ दिसली तर पिशवी वरून आणि खालून दोन्हीकडे बंद होऊन फुगलेली असते. ती नाकाच्या आतही फुगत असेल तर श्वास अडतो, कारण नवजात बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेतं. दूध पिताना धाप लागते, बाळ निळं पडू शकतं. दोन्ही बाजूंना असेल तर ही तातडीची बाब आहे. गाठ कोपऱ्याच्या वरच्या बाजूला असेल तर तिला हात लावायच्या आधी स्कॅन करायचा, कारण ती मेंदूच्या आवरणाची असू शकते. दुसरा अपवाद पिशवीच्या तीव्र संसर्गाचा: कोपऱ्याशी लाल, गरम, दुखरी सूज आणि ताप. तेव्हा मसाज बंद, बाळ दाखल, शिरेतून अँटिबायोटिक. मोठ्या बाळात सूज उतरल्यावर प्रोबिंग करतात, कारण सुजलेल्या ऊतींतून सळई सहज भलतीकडे घुसते.

ऑपरेशन ठरलं की बालरोगतज्ज्ञांचं फिटनेस, हिमोग्लोबिन आणि भूलतज्ज्ञ सांगतील त्या तपासण्या होतात. वजन त्याच आठवड्यात केलेलं लागतं, औषधांचा डोस त्यावर ठरतो. तारीख रद्द होण्याचं पहिल्या नंबरचं कारण सर्दी. खोकला, घट्ट शेंबूड, ताप असताना भूल दिली तर श्वासनलिका आकसते, ऑक्सिजन खाली येतो. म्हणून सर्दी बरी झाल्यावरही दोन ते चार आठवडे थांबतात. पावसाळ्यात पाळणाघरात जाणाऱ्या मुलाला अशी मोकळी फट मिळणं कठीण, तेव्हा ते लक्षात घेऊन तारीख मागा. नुकतीच लस दिली असेल तर तेही सांगा. ताप आला तर कारण कळेनासं होतं. डोळ्यांचा नंबर तपासून घेणं याच काळात करावं. गळणाऱ्या डोळ्याकडे बघताना त्याच डोळ्याला जास्त नंबर आहे हे निसटतं आणि डोळा आळशी होतो.

संमतीपत्रावर सही करताना एक गोष्ट वाचून बघा: ‘गरज लागल्यास स्टेंट किंवा बलून’ असं लिहिलंय का. बलून म्हणजे नलिका रुंदावण्यासाठी आत फुगवायचा बारीक फुगा. आत गेल्यावर नलिका अरुंद निघाली आणि संमती नसली, तर त्याच भुलीत होणाऱ्या कामासाठी पुन्हा भूल द्यावी लागते. या वस्तू महाग आणि एकदाच वापरायच्या असतात. खर्चाचं आधी विचारून ठेवा आणि लागणारी वस्तू त्या दिवशी रुग्णालयात हजर असेल ना, हेही विचारा.

उपाशी ठेवण्याचे तास पाळावेच लागतात. पोटात काही असलं तर भुलेत ते फुप्फुसात जाऊ शकतं. घन पदार्थ, गाई-म्हशीचं किंवा पावडरचं दूध ६ तास आधी बंद. आईचं दूध ४ तास, साधं पाणी २ तास. सकाळी ८ ची वेळ असेल तर वरचं दूध रात्री २ ला शेवटचं, अंगावरचं पहाटे ४ ला, पाणी ६ ला. तुमच्या भूलतज्ज्ञांनी वेगळी वेळ दिली असेल तर ती पाळा. भाताची पेज, नाचणीचं सत्त्व, वरणाचं पाणी हे पाणी नव्हे, अन्न आहे. आजी-आजोबांनी ‘रडतंय म्हणून दोन चमचे’ दिले असतील तर ते लपवू नका. ऑपरेशन दोन-चार तास पुढे जाईल, एवढंच. वाळे, बिंदल्या, काळा दोरा, करगोटा घरीच काढून ठेवा.

आत नेल्यावर बहुतेक मुलांना मास्कमधून सेवोफ्लुरेन नावाचा भुलीचा वायू हुंगवतात. मिनिटभरात गुंगी येते. भूल चढताना बाळ हातपाय झाडतं, डोळे फिरवतं, घोरल्यासारखा आवाज येतो. आई-वडिलांपैकी कुणाला तिथवर येऊ दिलं तर हे बघून घाबरायला होतं, पण ते नेहमीचं आहे. सलाईनची सुई झोप लागल्यावर टोचतात. नळी धुताना पाणी नाकातून घशात उतरतं, म्हणून श्वासमार्ग सुरक्षित करायला घशात लॅरिंजियल मास्क (श्वासासाठीची मऊ नळी) बसवतात आणि सक्शन तयार ठेवतात. नाकात ऑक्सिमेटाझोलिनने भिजवलेली पट्टी पाच-दहा मिनिटं ठेवली की आतलं अस्तर आकसतं, रक्तस्राव कमी होतो आणि दुर्बिणीला जागा मिळते.

प्रत्यक्ष काम दहा-पंधरा मिनिटांचं. आधी डायलेटरचं टोकदार तोंड भोकात उभं घालून ते रुंदावतात, मग आडवं वळवतात. त्यानंतर बोथट कॅन्युलाने, म्हणजे बारीक पोकळ नळीने, रंग मिसळलेलं सलाईन सोडून बघतात. खालच्या भोकातून सोडलेलं पाणी वरच्या भोकातून परत आलं, तर अडथळा पिशवीच्या पुढे आहे. त्याच भोकातून परत आलं, तर तो अलीकडे, आडव्या नळीतच आहे आणि प्रोबिंगचा अंदाज बदलतो.

मग बोमन यांच्या नावाची सळई, बाळासाठी साधारण ० किंवा ०० नंबरची, जाडी मिलिमीटरच्या आसपास. आधी दोन मिलिमीटर उभी, मग पापणी कानाच्या दिशेने ताणून धरून आडवी. पापणी ताणलेली राहणं महत्त्वाचं. ती सैल पडली की आडवी नळी घडी पडून दुमडते आणि सळई भिंतीतून पार होते. सळई नाकाच्या हाडाला लागते तेव्हा हाताला टणक थांबा जाणवतो. मऊ, रबरासारखा थांबा जाणवला आणि पापणीचा कोपरा सोबत ओढला जात असेल, तर सळई अजून पिशवीत शिरलेली नाही. अशा वेळी जोर लावायचा नाही. मागे घ्यायची, पापणी पुन्हा ताणायची. टणक थांबा मिळाल्यावर सळई मिलिमीटरभर मागे घेऊन, भुवईला टेकवत ९० अंशांत उभी फिरवायची आणि खाली, किंचित मागे आणि थोडी बाहेरच्या दिशेने हलकेच उतरवायची. एका वर्षाच्या बाळात पापणीपासून नाकाच्या तळापर्यंतचं अंतर सुमारे २० मिलिमीटर. टोकाशी पडदा फुटताना बोटाला बारीकसा ‘टक्’ जाणवतो.

त्या ‘टक्’वर विसंबून थांबू नये. सळई नाकाच्या अस्तराखाली शिरून तिथेच गाडली गेली असेल तरी हाताला तसंच वाटतं. खात्रीचे दोन मार्ग आहेत. जुना मार्ग म्हणजे नाकातून दुसरी सळई टर्बिनेटखाली घालून धातूला धातू लागतोय का बघणं. चांगला मार्ग म्हणजे बारीक नेझल एंडोस्कोपने (नाकात घालायच्या दुर्बिणीने) टोक डोळ्यांनी पाहणं. अस्तर पुढे ढकललं गेलंय पण फाटलेलं नाही असं दिसलं, तर ते तिथेच छेदून टोक मोकळं करता येतं. टर्बिनेट भिंतीला चिकटून तोंड दाबत असेल तर तो आतल्या बाजूला वळवतात. शेवटी पुन्हा रंगीत सलाईन सोडायचं आणि नाकातल्या सक्शनच्या नळीत तो रंग दिसायला हवा. दिसला म्हणजे काम झालं.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे खोटा मार्ग. हाडाचा थांबा लागायच्या आत सळई फिरवली किंवा अडल्यावर जोर लावला की ती नलिका सोडून मांसात किंवा हाडात वाट काढते. भोकातून रक्त येणं ही त्याची पहिली खूण. अशा वेळी सलाईन सोडलं तर ते ऊतींत जाऊन पापणी आणि गाल फुगतो. तेव्हा थांबणं हाच शहाणपणा. काही आठवडे भरू द्यायचं आणि पुन्हा, दुर्बिणीखाली, जमलं तर अधिक अनुभवी हातांनी करायचं. खोट्या मार्गावर तयार होणारा व्रण नळी कायमची अरुंद करू शकतो. पहिलं प्रोबिंग नीट व्हावं हा आमचा हट्ट त्यामुळेच. पालकांनी डॉक्टरांना विचारावं असा एकच प्रश्न निवडायचा झाला तर तो हा: तुम्ही नाकात बघून खात्री करता का?

बाळ जागं होताना चिडचिडं असतं, भूक लागलेली असते. पूर्ण शुद्धीवर आल्यावर आधी पाणी, मग आईचं दूध आणि संध्याकाळपर्यंत घरी. पहिल्या दिवशी नाकातून किंवा अश्रूंतून रक्ताची झाक येते, ती चालते. शेंबूड, लाळ किंवा उलटी पिवळी-केशरी दिसली तर तो फ्लुरोसिनचा रंग आहे. कावीळ नाही आणि बाळाला कुणी हळद पाजलेली नाही. सतत ठिबकणारं रक्त, ३८ अंश सेल्सिअसच्या वर ताप, किंवा पापणी आणि गाल लाल होऊन सुजणं, यांपैकी काहीही दिसलं तर त्याच रात्री फोन करायचा. अँटिबायोटिकचे थेंब दिवसातून ४ वेळा आठवडाभर. नाकाचे थेंब दिले असतील तर सांगितलेल्या दिवसांपलीकडे घालू नयेत.

निकालाची घाई नको. पहिल्या आठवड्यात सूज असते, पाणी येऊ शकतं. महिन्याने आणि मग तीन महिन्यांनी तीच रंगाची तपासणी करून ठरवतात. मधे सर्दी झाली आणि दोन दिवस डोळा पाणावला म्हणजे ऑपरेशन फसलं असं नाही. नाकाचं अस्तर सुजलं की नवं उघडलेलं तोंड तात्पुरतं दबतं. पू मात्र परत यायला लागला तर वाट बंद झाली असं धरून चालावं.

पहिलं प्रोबिंग फसलं तर दुसऱ्या वेळी नुसती सळई घालण्यापेक्षा सिलिकॉनची नळी बसवणं बरं. ही नळी वरच्या आणि खालच्या भोकातून घालून नाकात बांधतात, तेव्हा डोळ्याच्या कोपऱ्यात तिचा पारदर्शक फास बारीक दिसतो. दुसरा प्रकार एकाच भोकातून जातो आणि त्याचं टोपण भोकावर बसतं. तो ओपीडीत चिमट्याने काढता येतो. फासाच्या नळीला कधी कधी पुन्हा छोटी भूल लागते. साधारण दोन-तीन महिने ठेवतात. या काळातली खरी अडचण मुलाचं बोट. डोळा चोळताना फास बाहेर ओढला जातो आणि बुबुळावर किंवा गालावर लोंबतो. तो कापू नका. कापला तर उरलेला तुकडा नाकात सरकतो, कुठे गेला ते कळत नाही. चिकटपट्टीने नाकाच्या बाजूला अलगद चिकटवा आणि दवाखाना गाठा. नळी फार घट्ट बांधली असेल तर ती भोकाला हळूहळू चिरते. म्हणून महिन्याने बघून घ्यायचं.

बलूनने रुंदावणं हा आणखी एक पर्याय. ३० महिन्यांच्या आतल्या मुलाला २ मिलिमीटरचा, मोठ्याला ३ मिलिमीटरचा. ८ ॲटमॉस्फियर दाबाने पहिल्यांदा ९० सेकंद फुगवतात, सोडतात, पुन्हा फुगवतात. आत नळी राहत नाही हा फायदा, किंमत हा तोटा. स्टेंट आणि बलून यांत कोण श्रेष्ठ यावर डॉक्टरांत वाद होतात. डॉक्टरांचा हात ज्याला सरावला आहे ते निवडावं, असं आम्हाला वाटतं.

यानंतरही पाणी आणि पू थांबला नाही, किंवा हाडाची नलिकाच तयार झालेली नसेल, तर डीसीआर. पिशवी आणि नाक यांच्यामधलं हाड काढून पिशवी थेट नाकात उघडायची. इटलीतले तोती यांनी हे १९०४ साली मांडलं. आज ते नाकाच्या बाजूला छोटा छेद घेऊन किंवा पूर्णपणे नाकातून एंडोस्कोपने होतं. मुलाचा चेहरा आणि नाक थोडं मोठं व्हावं म्हणून शक्यतो चार-पाच वर्षांपर्यंत थांबतात, पण पिशवीला वारंवार तीव्र संसर्ग होत असेल तर आधीही करतात. प्रोबिंगपेक्षा हे मोठं आहे. तासभर लागतो, रक्तस्राव जास्त होतो आणि बहुधा एक रात्र राहावं लागतं. घरी आल्यावर आठवडाभर नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची, वाफारा आणि फार गरम जेवण टाळायचं. पाच वर्षांच्या मुलाला नाक न शिंकरण्याचं पटवणं कठीण, म्हणून खारट पाण्याचा स्प्रे दिवसातून चार-पाच वेळा मारून खपल्या ओल्या ठेवायच्या. त्या वाळल्या की मूल बोट घालतं आणि रक्त येतं.